टेलिस्कोप आणलाय, आता बघायचं काय?

ओळखीतल्या कोणीतरी नवीन टेलिस्कोप घेतला की दोन-चार दिवसांत मला मेसेज येतो, "घेतला रे एकदाचा, आता यातून काय काय दिसेल?" मी उलट विचारतो की तुला काय बघायचंय, तर उत्तर ठरलेलं, गॅलक्सी, नेब्युला, ते रंगीबेरंगी ढगांचे फोटो असतात ना तसलं काहीतरी. म्हंजे यादीच उलटी. घरगुती टेलिस्कोपमधून जे सगळ्यात पुसट दिसतं ते या मंडळींना पहिल्या रात्री हवं असतं, आणि जे खरोखर जबरदस्त दिसतं, चंद्र, गुरू, शनी, जोडतारे, त्याला "हॅ, चंद्र काय रोजच दिसतो" म्हणून बाजूला सारलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की मी मोकळा.

आधी त्या खोक्यावरच्या "525 पट" प्रकरणाचं बघू. स्वस्तातल्या बऱ्याच टेलिस्कोपच्या खोक्यावर असा काहीतरी आकडा ठोकलेला असतो आणि गणित म्हणून तो खोटा पण नसतो. 700 मिलिमीटर फोकल लेन्थचा (लेन्सपासून प्रतिमा जिथे जमते तिथपर्यंतचं अंतर) टेलिस्कोप, त्याला 4 मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावतो ते छोटं भिंग), 700 भागिले 4 म्हणजे 175 पट, वर तीन पटीची बार्लो लेन्स (पट वाढवणारी जोडलेन्स), झाले 525. पण ढोबळ नियम असा की समोरची लेन्स जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट, त्यापुढे नुसतं मोठं दिसतं, जास्त काही दिसत नाही. 70 मिलिमीटरच्या लेन्सला 140 पट म्हणजे डोक्यावरून पाणी. टेलिस्कोपचं खरं काम प्रकाश गोळा करणं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे 70 मिलिमीटरची साधी लेन्स डोळ्याच्या शंभर पट प्रकाश आत घेते, हा आकडा खरं तर खोक्यावर छापायला हवा. तर सुरुवात नेहमी मोठ्या आकड्याच्या आयपीसने करायची, 25 किंवा 20 मिलिमीटरचा जो असेल तो, त्यात आकाशाचा तुकडा मोठा दिसतो आणि वस्तू सापडते तरी. 4 वाला डब्यातच राहू दे.

फाइंडर, म्हणजे मोठ्या नळीवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी जुळवून घ्या. लांबचा एखादा खांब किंवा टॉवरचं टोक मोठ्या नळीत मधोमध आणायचं आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर (सूर्याच्या आसपास कुठेही नाही हं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय). हे न करता रात्री अंधारात चाचपडणारे लोक तासभर काळं आकाश बघतात आणि टेलिस्कोपला शिव्या घालतात. चित्र उलटं दिसलं तर घाबरू नका, काही टेलिस्कोपांत ते डावं-उजवं बदलतं, काहींत पूर्ण उलटं होतं, आकाशात वर-खाली असं काही नसतंच.

आता चंद्र. पौर्णिमेला बघू नका! सगळे नेमके पौर्णिमेला टेलिस्कोप काढतात आणि त्या दिवशी चंद्र सगळ्यात कंटाळवाणा असतो, कारण सूर्य त्याच्यावर समोरून पडतो, सावल्याच नाहीत, त्यामुळे खड्डे-डोंगर सगळं सपाट होऊन जातं आणि डोळे दिपतात ते वेगळंच. चंद्र बघायचा तो शुक्ल पक्षात, चतुर्थी-पंचमीपासून दशमी-एकादशीपर्यंत, आणि त्यातही नजर ठेवायची ती उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर. त्या रेषेवर असाल तर सूर्य नुकताच उगवतोय, म्हणून लहानशा टेकाडाची पण लांबच लांब सावली पडते आणि खड्ड्यांची खोली अक्षरशः जाणवते. अष्टमीच्या सुमाराला चंद्राच्या मध्याजवळ टोलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक रांगेत येतात, त्यातलं टोलेमियस दीडशे किलोमीटर रुंद आहे. उत्तरेकडे अॅपेनाइन पर्वतांची कमान, तिथली काही शिखरं पाच किलोमीटरच्या घरात. एक-दोन दिवसांनी दक्षिणेला क्लॅव्हियस उजेडात येतं, ते सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या पोटात छोट्या छोट्या विवरांची एक वळणदार माळ आहे, मोठ्यापासून लहान होत गेलेली. ती माळ किती दाण्यांपर्यंत दिसते यावरून तुमच्या टेलिस्कोपची आणि त्या रात्रीच्या हवेची परीक्षा होते.

एक गोष्ट मुद्दाम करून बघा. सीमारेषेच्या अंधाऱ्या बाजूला कधी कधी एखादा एकटाच उजेडाचा ठिपका दिसतो, आजूबाजूला पूर्ण काळोख. ते डोंगराचं टोक असतं, पायथ्याशी अजून रात्र आणि शिखरावर ऊन पोहोचलेलं. तो ठिपका लक्षात ठेवायचा, आयपीसमध्ये कुठे आहे ते कागदावर काढून ठेवायचं आणि तासा-दीड तासाने परत बघायचं. ठिपका मोठा झालेला असतो, कधी शेजारी दुसरा उगवलेला असतो, कधी दोन्ही जोडून धारेसारखी एक रेघ झालेली असते. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमारेषा ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने सरकते, म्हणजे सायकलवाला तिच्याबरोबर जाऊ शकेल. आपण इथे बसून दुसऱ्या जगावरचा सूर्योदय बघतोय, आणि तो लाइव्ह चाललाय, हे एकदा डोक्यात शिरलं की मग चंद्र "रोजचा" राहत नाही. बाकी "अपोलोवाल्यांचा झेंडा दिसेल का" असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर, नाही, हबलमधून पण दिसत नाही. 70 मिलिमीटरमधून चंद्रावरचं तीन-चार किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं ओळखू येत नाही, झेंडा फारच लांब राहिला.

गुरू. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "एवढासाच?" गंमत अशी की गुरू चांगला जवळ असताना 40 पटीत तो जवळपास तेवढाच मोठा दिसतो जेवढा साध्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो. फक्त आजूबाजूला काळं मोकळं आकाश असतं म्हणून तो बारका वाटतो, आणि मनात ते यानांनी काढलेले फोटो असतात. तर घाई करायची नाही, बसायचं, खुर्ची घ्यायची, उभ्याने वाकून बघणाऱ्याला निम्मंच दिसतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात पांढरी गोळी, मग लक्षात येतं की ती पूर्ण गोल नाही, किंचित दबलेली आहे (दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो तो, पोट सुटणारच), मग मधे दोन करडे पट्टे. हवा स्थिर झाली की एखाद-दोन सेकंद ते पट्टे एकदम कोरल्यासारखे दिसतात आणि परत पुसट होतात. ते सेकंद पकडायचे असतात, ग्रह बघणं म्हणजे बरंचसं तेच. लाल डागाचं मात्र मनावर घेऊ नका, लहान टेलिस्कोपमध्ये तो हल्ली सहज दिसत नाही, आणि तो आपल्या बाजूला असायला पण हवा.

पण खरी मजा चंद्रांची आहे. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो, गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार ठिपके, कधी तीनच, कधी दोन, कारण बाकीचे गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेले. गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 ला गुरूजवळ तीन तारे टिपले होते, पुढच्या काही रात्रींत ते जागा बदलताना दिसले, चौथा सापडला, आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या कल्पनेला तिथे तडा गेला. त्याच्या नळीपेक्षा तुमचा सगळ्यात साधा टेलिस्कोप पण बरा आहे, त्यामुळे हे पूर्ण प्रकरण तुम्ही स्वतः करून बघू शकता. वहीत एक गोल, त्याच्या आजूबाजूला ठिपके, वेळ, तारीख, बस. आयोला गुरूभोवती एक फेरी मारायला साधारण साडेबेचाळीस तास लागतात म्हणून तो तर एका रात्रीतच हललेला कळतो, कॅलिस्टो सतरा दिवसांच्या जवळपास लावतो. महिनाभर चित्रं काढलीत की कुठला ठिपका कोण हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं, अॅप उघडायची गरज नाही. आणि एखाद्या रात्री बघता बघता आयो गुरूच्या सावलीत शिरतो, दोन-चार मिनिटांत मंद होत होत गायब, ग्रहाला टेकलेला पण नसतो आणि नाहीसा होतो. याच ग्रहणांच्या वेळा मागे-पुढे होतात हे पकडून ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने 1676 मध्ये सांगितलं होतं की प्रकाशाला पण यायला वेळ लागतो. मला हा सगळ्या विज्ञानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी शोध वाटतो, नळी आणि घड्याळ, संपलं.

शनीबद्दल जास्त लिहीत नाही, तो स्वतःच बोलतो. तीस-चाळीस पटीत कडं दिसतं, सत्तर-ऐंशीला ग्रह आणि कडं यांच्यामधली काळी फट दिसते, आणि जवळच टायटन नावाचा ठिपका, जो ह्युजेन्सला 1655 मध्ये सापडला. फक्त एक, मार्च 2025 मध्ये कडी आपल्याला नेमकी कडेवर आली होती, म्हणजे जवळपास दिसेनाशी, आणि आता हळूहळू उघडत चालली आहेत, 2032 च्या सुमाराला ती पूर्ण पसरतील. त्यामुळे आत्ता कडी बारीक वाटली तर टेलिस्कोप परत करायला जाऊ नका. गॅलिलिओची पण 1612 मध्ये हीच पंचाईत झाली होती, दोन वर्षांपूर्वी ग्रहाला चिकटलेले दोन गोळे दिसले होते ते अचानक गायबच.

शुक्राला तपशील शून्य पण कला असतात, चंद्रासारख्या, आणि पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा बारीक मोठी कोर होते. पूर्ण अंधार व्हायच्या आधी बघायचा, नाहीतर चकचकाटात आकारच कळत नाही. मंगळ दर 26 महिन्यांनी जवळ येतो, ते काही आठवडे सोडले तर तो एक केशरी दाणा आहे, आणि जवळ असताना पण पांढरं ध्रुवीय टोक आणि एखादा गडद डाग दिसला तर दिवस चांगला म्हणायचा. युरेनस नकाशा घेऊन शोधायचा, निळसर-हिरवी टिकली, ताऱ्यासारखी लुकलुकत नाही एवढाच फरक. हर्शलने 13 मार्च 1781 ला तो घराच्या बागेतून शोधला होता आणि आधी त्याला धूमकेतू समजला, बाग हा शब्द वाचून मला दरवेळी बरं वाटतं.

आता जोडतारे, ज्यांच्याबद्दल नवशिक्यांना कोणी सांगतच नाही! अमावस्या नको, काळंकुट्ट आकाश नको, शहरातले दिवे चालतात, चंद्र असला तरी चालतो. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती, ही जोडी नजर चांगली असेल तर साध्या डोळ्यांनी दिसते हे सगळ्यांना माहीत असतं. टेलिस्कोप लावा आणि वसिष्ठाकडे नीट बघा, तो स्वतःच दोन आहे. दोन पांढरे तारे, एक जरा मंद, मधे स्पष्ट फट, 50 पटीला आरामात. कास्तेल्ली नावाच्या गॅलिलिओच्या शिष्याला 1617 मध्येच हे दिसलं होतं. अजून थांबा, वसिष्ठ आणि अरुंधती यांच्या मधल्या जागेत जरा बाजूला एक मंद तारा आहे, तो या कुटुंबातला नाहीच, लांब मागे कुठेतरी आहे. 1722 मध्ये लीबक्नेख्ट नावाच्या एका जर्मन प्राध्यापकाला तो हलल्यासारखा वाटला, त्याने नवीन ग्रह सापडला म्हणून जाहीर केलं आणि तिथल्या राजाचं नाव पण देऊन टाकलं. ते नाव अजून त्या बिचाऱ्या ताऱ्याला चिकटून आहे. एका आयपीसमध्ये एवढं सगळं मावतं.

दुसरा हंसाच्या चोचीतला तारा, अल्बिरिओ. साध्या डोळ्यांना एक, टेलिस्कोपमध्ये एक सोनेरी आणि एक निळा. हा ज्याला दाखवाल तो "अरे!" म्हणतोच. फोकस अगदी किंचित बिघडवलात तर रंग जास्त उठून दिसतो, करून बघा. मग सवय लागली की मिथुनेतला कॅस्टर, त्यातले दोन तारे इतके जवळ की वेगळे करायला जरा जास्त पट आणि शांत हवा लागते, आणि स्वरमंडळातला अभिजितशेजारचा एप्सिलॉन, जो आधी दोन आणि ताण दिल्यावर त्यातला प्रत्येक परत दोन. नुसत्या ताऱ्यांचे रंग पण बघा मधून मधून, मृगातला काक्षी आणि राजन्य एकामागोमाग एक आयपीसमध्ये आणले की एक केशरी आणि एक निळसर पांढरा, हे इतकं उघड असतं की आधी कसं लक्षात आलं नाही असं होतं.

तारकागुच्छांना पट कमी ठेवायची, सगळ्यात कमी. कृत्तिकांना जास्त पट लावलीत तर गुच्छाच्या आतच शिराल आणि चार तारे दिसतील. पुष्यातला तो धुरकट ठिपका टेलिस्कोपमध्ये पसरट गुच्छ होऊन फुटतो, ययातीमधला दुहेरी गुच्छ तर एकाच चित्रात दोन, मला वैयक्तिक तोच सगळ्यात आवडतो. मेसिए नावाच्या जुन्या खगोलनिरीक्षकाच्या यादीतल्या 110 वस्तू घेऊन बसलात तर वर्षभराचं काम आहे. तो मेसिए मुळात धूमकेतू शोधायचा, आणि धूमकेतूसारखे दिसणारे पण न हलणारे डाग सारखे मधे येऊन घोळ घालायचे म्हणून त्याने त्यांची यादी केली. म्हणजे त्याच्या लेखी ती कटकटीची यादी होती आणि आज लोक तीच बघायला रात्ररात्र जागतात.

त्या यादीतला बेचाळीसावा म्हणजे मृगातला तेजोमेघ, आणि नेब्युला बघायचाच तर हाच. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांजवळ लोंबणारी ताऱ्यांची बारीक ओळ, तिच्या मध्यावर टेलिस्कोप लावायचा. गुलाबी-जांभळं काही दिसणार नाही हे आधीच सांगतो. राखाडी, जरासा हिरवट, पंख पसरल्यासारखा धूर दिसतो आणि त्याच्या पोटात चार बारीक तारे, एका छोट्या चौकटीत. रंग न दिसण्यात टेलिस्कोपचा काही दोष नाही. कमी उजेडात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी बंदच पडतात, कॅमेरा मात्र मिनिटं न् मिनिटं प्रकाश साठवत बसू शकतो. इथे दोन युक्त्या लागतात. एक, वीस-पंचवीस मिनिटं अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे आणि त्या वेळात मोबाइलला हात लावायचा नाही, एका नोटिफिकेशनने सगळं पाण्यात जातं (अगदीच लागला तर लाल, मंद उजेड). दुसरी, सरळ बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. अंधुक प्रकाश पकडणाऱ्या पेशी डोळ्याच्या बरोब्बर मध्यभागी नसतात, त्यामुळे नजर बाजूला नेली की तो धूर एकदम दुप्पट पसरतो, सरळ बघितलं की परत आक्रसतो. पहिल्यांदा जमलं की माणूस दहा मिनिटं हाच खेळ खेळत बसतो.

आणि मग ती गॅलक्सी, एकदा बघायचीच असेल तर देवयानीतली, चंद्र नसलेल्या रात्री, शहराबाहेर. मधे उजळ, कडेला विरत गेलेला लांबट पुसट डाग. एवढंच. वळणदार बाहू वगैरे विसरा. तो प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघाला होता हे माहीत नसेल तर बघण्यासारखं त्यात काही नाही, आणि माहीत असेल तर तिथून हलवत नाही.

किरकोळ पण महत्त्वाचं राहिलं. टेलिस्कोप घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास तसाच गार होऊ द्या, खिडकीच्या काचेतून कधीच बघू नका, तापलेल्या छपरावरून वर बघितलं तर ग्रह उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. ट्रायपॉड हलका असेल तर त्याचे पाय फार लांब काढू नका, मधोमध एखादी जड पिशवी लटकवा. 70 पटीत वस्तू दीड-दोन मिनिटांत आपोआप बाहेर सरकते, ती सरकते ते पृथ्वी फिरते म्हणून, तुमच्याकडून काही बिघडलेलं नाही, जरा ढकलायचं आणि परत बघायचं. तारे खूप लुकलुकत असतील तर ग्रहांचा नाद सोडून गुच्छ बघा.

सूर्य. डाग बघता येतात, रोज बदलतात, आणि फार मजा येते, पण फक्त नळीच्या तोंडावर पुढून घट्ट बसणारा, खास टेलिस्कोपसाठी बनवलेला सोलर फिल्टर असेल तरच, फाइंडर काढून किंवा झाकून, आणि लहान मुलं आजूबाजूला असतील तर टेलिस्कोप एक सेकंद पण एकटा सोडायचा नाही. काही टेलिस्कोपांबरोबर आयपीसमध्ये स्क्रूने बसवायची एक काळी-हिरवी छोटी काच येते, वर "सन" लिहिलेलं. ती लेन्सने गोळा केलेल्या सगळ्या उन्हाच्या नेमक्या केंद्राजवळ बसते, तापते, तडकते, आणि त्या क्षणी तुमचा डोळा तिथेच टेकलेला असतो. डबा उघडा, ती शोधा आणि कोणाला वापरता येणार नाही अशी फोडून टाकून द्या.